दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण

गुरुवार, ९ जानेवारी

संध्याकाळी मर्ल गुंडरसन येऊन बसला होता. मर्ल आमच्या चर्चच्या समितीचा अध्यक्ष. त्याला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझे पिशवीभर बटाटे सोलून होतात. आधी हवामान झालं, मग रस्त्यावरचा बर्फ, मग त्याचा डावा गुडघा. शेवटी दारात उभा राहून, टोपी घालता घालता म्हणाला, "तसं म्हटलं तर, आर्डिस, दोन्ही चर्चं एक करायचं चाललंय."

दोन्ही म्हणजे आम्ही पश्चिम स्काल्विक आणि रस्त्यापलीकडचे पूर्व स्काल्विक. दोन्हीही लुथरन पंथाचे, मध्ये एक डांबरी रस्ता आणि आजूबाजूला मैलोन्‌मैल मक्याची शेतं. आमच्या पणजोबांचं एकदा बिनसलं. माणूस आपणहून देवाकडे जातो की देव त्याला ओढून नेतो, असा काहीतरी वाद होता. त्यातलं आता कुणाला काही आठवत नाही, पण रस्ता ओलांडायचा नाही हे आठवतं. आता दोन्हीकडे मिळून जेमतेम ऐंशी माणसं उरलीत, आणि त्यातली निम्मी ऐकायच्या यंत्रावर. पास्टरसुद्धा दोघांत एकच.

"इमारत कुठली ठेवणार?" मी विचारलं.

"आपली. छप्पर नवं आहे ना."

"आणि स्वयंपाकघर?"

मर्लने टोपी कानावर ओढली. "तिथे म्हणजे... तुम्ही दोघीही उत्तमच आहात."

दोघी म्हणजे मी आणि लवॉन. पूर्वेचं स्वयंपाकघर लवॉन सांभाळते. लवॉन माझी धाकटी बहीण. तीन वर्षं झाली, आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

फेब्रुवारीत एकत्र जेवण आहे आणि त्यानंतरच्या रविवारी स्वयंपाकघराच्या प्रमुखपदाचं मतदान. चर्चच्या तळघरातल्या एका स्वयंपाकघरात दोन प्रमुख नकोत, हे मलाही कळतं. या गावात बटाटे-मांसाच्या माझ्या हॉटडिशशिवाय माणूस पुरलेला नाही. ते स्वयंपाकघर गेलं तर मी रविवारी काय करू? वर बाकावर बसून प्रवचन ऐकू?

रविवार, १२ जानेवारी

लवॉनशी मी का बोलत नाही ते एकदा लिहूनच टाकते. नंतर लोक आपल्याला हवं तसं सांगतात.

आई गेली तेव्हा मी नुकतीच फ्लूतून उठले होते. दोन आठवडे अंथरुणात होते, अंगात त्राण नव्हतं. तरी अंत्यविधीच्या जेवणाची हॉटडिश मीच केली. आईची पद्धत, आईचंच भांडं. लोक रांगेत उभे, शवपेटी अजून वरच्या मजल्यावर, आणि ही बया पहिला घास घेऊन सगळ्यांसमोर म्हणते, "आर्डिस, हे खारट आहे."

आमच्याकडे असं बोलत नाहीत. जेवण आवडलं नाही तर "वेगळं आहे" म्हणतात. अगदीच गिळवत नसेल तर "पोटभरीचं आहे" म्हणतात. पुढचं सगळं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. लवॉनला हे शिकवायचं आईकडून राहून गेलं. बाकीच्यांनी त्या दिवशी मुकाट्याने खाल्लं. मर्ल तर म्हणाला, "हे तर भलतंच पोटभरीचं." आता मर्लचं भाषेचं ज्ञान बेताचंच, म्हणून मी ते चांगल्या अर्थाने घेतलं. आणि माझी मदतनीस बेव्ह भांडं धुऊनपुसून घेऊन आली, तळाला कण नाही. खारट असतं तर उरलं नसतं का?

बुधवार, १५ जानेवारी

आज सरावाची हॉटडिश लावली. मला सरावाची गरज आहे असं नाही. बीफ तव्यावर चांगलं लाल परतून घेतलं, कांदा परतला, बटाट्यांच्या चकत्या केल्या. विजेच्या स्लो कुकरमध्ये एक थर बटाटा, एक थर मांस, वरून डब्यातलं मश्रूमचं सूप. झाकण लावलं आणि आठ तास विसरून गेले. हेच लोकांना जमत नाही, विसरणं. सारखं झाकण उचलून बघतात. एकदा उचललं की अर्ध्या तासाची ऊब गेली.

एक गोष्ट मात्र खरी, हल्ली वस्तूंमध्ये काही राहिलं नाही. कांदा चिरला तर नाकाला पत्ता नाही. कॉफीचा डबा उघडला तर आत नुसती काळी माती. मिठाची तर कमालच आहे. आईच्या वेळी चिमूटभर पुरायचं, आता मूठभर घातलं तरी जिभेला कळत नाही. कारखानेवाले काय मिसळतात कुणास ठाऊक. मी आपली घालत जाते.

हार्लनने दोन घास खाल्ले आणि "कुत्र्याकडे बघून येतो" म्हणून ताट घेऊन गोठ्यात गेला. माझा नवरा त्या कुत्र्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतो. कुत्र्याचं नाव डीझेल. तोही हल्ली म्हातारा झालाय, दिवसभर पाण्याच्या भांड्याला तोंड लावून असतो.

गुरुवार, १६ जानेवारी

हार्लन ऑर्विलकडे गेला. ऑर्विल म्हणजे लवॉनचा नवरा. आम्ही बहिणी बोलत नसलो तरी पुरुषांचं चालू असतं. त्यांना बोलावं लागत नाही ना. दर गुरुवारी दोघं मिळून एक जुना ट्रॅक्टर दुरुस्त करतात. तीन वर्षं त्याच ट्रॅक्टरचं काम चाललंय. हार्लन परत येतो तेव्हा चेहरा खुललेला असतो आणि रात्री जेवत नाही. लोखंडाने माणसाचं पोट भरतं हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच कष्ट वाचले असते.

मंगळवार, २१ जानेवारी

पास्टर करिसा आली होती. ॲरिझोनाची पोर, थंडीत टोपी घालायची की नाही हे अजून ठरवते आहे. बसल्या बसल्या म्हणाली, "आर्डिस, या सगळ्याबद्दल तुम्हाला काय वाटतंय?"

"कशाबद्दल?"

"या बदलाबद्दल. बहिणीबद्दल. मनात काही दाटून येत असेल तर..."

मी तिच्यापुढे हॉटडिशची बशी ठेवली. मनात दाटून आलं तर पोट भरून घ्यावं, बोलत काय सुटायचं! तिने मोठा घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन पेले पाणी प्यायली. "किती... किती मनापासून केलंय," म्हणाली. मुलगी भाबडी आहे, पण पारख आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

सेल्मर थोरसनला पुरलं. ब्याण्णव वर्षांचा होता, घाई केली नाही बिचाऱ्याने. माझे तीन स्लो कुकर होते. जेवण झाल्यावर बेव्ह तिन्ही भांडी घासून घेऊन आली.

"सगळं संपलं?" मी विचारलं.

"सगळं गेलं," बेव्ह म्हणाली आणि नळ सोडला.

बेव्हने केलेलं मात्र अर्धं उरलं होतं. मी तिला काही बोलले नाही, मन मोडतं माणसाचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हार्लनचं डोकं ठिकाणावर नाही. बाहेर उणे वीस आणि हा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडतो. म्हणे पाव करपला. पाव थोडा काळा झाला होता, पण त्यासाठी सगळ्या शेताला घरात घ्यायचं? मग न विचारता दुधाचं आख्खं भांडं मोरीत ओतून दिलं. मी म्हटलं, "चांगलं दूध होतं ते!" तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बर्फ पडेल असं दिसतंय."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जेवणाच्या आखणीची बैठक झाली. लवॉन समोरच्या खुर्चीत. ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी बोलले नाही. दोघी पास्टरशी बोलत होतो आणि पास्टर टेनिस बघितल्यासारखी मान हलवत होती.

"पास्टर, पूर्वेकडच्यांना सांगा, हॉटडिशमध्ये मक्याचे दाणे घालायचे असतील तर चिठ्ठी लावावी."

"पास्टर, पश्चिमेकडच्यांना सांगा, दाणे डोळ्यांना दिसतात. चिठ्ठी न दिसणाऱ्या गोष्टींना लावावी लागते."

न दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे काय, हे मला विचारायचं होतं. पण बोलत नाही म्हटल्यावर विचारणार कसं?

ठरलं असं: नऊ स्लो कुकर, एकाच लांब टेबलावर. पूर्वेचे चार, पश्चिमेचे पाच, पाहुण्यांचा मान म्हणून त्यांचे सुरुवातीला. बेव्ह लक्ष ठेवेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

हे घाईघाईने लिहिते आहे. वाचता आलं नाही तर नाही आलं.

सकाळी उणे अठ्ठावीस होतं. सहाला आम्ही भांडी लावली. मांस घरीच परतलेलं होतं, बटाटे कच्चे होते, दुपारी एकपर्यंत लोण्यासारखे झाले असते. दहाला वर प्रार्थना सुरू झाली. एकत्र गायचं म्हणून प्रत्येक गाण्याची सगळी कडवी गायली. कुणाची वगळायची यावर एकमत झालं नाही.

एकला खाली आलो. रांग लागली, सगळ्यांनी वाढून घेतलं, बसले. पास्टरने आभार मानले. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडात कच्चा बटाटा कुर्रकन वाजला.

मी क्षणभर चावणं थांबवलं. आजूबाजूलाही कुर्र, कुर्र. सगळं तळघर गाजर खाणाऱ्या घोड्यांसारखं वाजत होतं. आणि बोलत कुणी नव्हतं! सगळे चावत होते, मान डोलवत होते.

"वेगळं आहे," पूर्वेची एक म्हातारी म्हणाली.

"हो ना. दातांना काम मिळालं की बरं असतं," आमचा एक जण म्हणाला.

"आजकाल सगळंच मऊ मिळतं."

काय झालं होतं ते नंतर कळलं. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून मर्लने आपल्या गाडीच्या हीटरची वायर तळघराच्या खिडकीतून आत घेतली होती आणि नेमकी आमच्या टेबलाच्या सॉकेटला जोडली होती. फ्यूज उडाला होता साडेसहालाच. बेव्ह सकाळभर तिथे उभी होती. वाफ नाही, काच धुरकट नाही, भांडं गार, हे सगळं तिने बघितलं. मी नंतर विचारलं, "अगं, मग झाकण उचलून बघितलं का नाहीस?"

"माझं भांडं नव्हतं," बेव्ह म्हणाली.

तिच्या जागी मी असते तर मीही उचललं नसतं. दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण उचलणं म्हणजे त्याच्या झोपायच्या खोलीत डोकावणं. मर्लला तर प्रार्थनेच्या आधीच कळलं होतं की तळघरातला एक दिवा गेलाय. पण पाहुण्यांसमोर विषय कसा काढायचा म्हणून तो गप्प बसला.

तर सगळे चावत होते. मीही चावत होते, कारण पश्चिमेची बाई पहिली थांबली असं व्हायला नको. आणि तेवढ्यात लवॉनने काटा खाली ठेवला.

"बटाटे कच्चे आहेत," ती म्हणाली. मोठ्याने, ऐकायच्या यंत्राविना ऐकू जाईल असं. "सगळ्या भांड्यांतले. माझेही कच्चे आहेत. खाऊ नका, पोट दुखेल."

काटे थांबले. कुणीतरी हळूच तोंडातलं रुमालात काढलं. तिथेच थांबली असती तर मी आज तिच्या गळ्यात पडले असते, इतकं मला बरं वाटलं. पण लवॉनच ती.

"आणि आर्डिस, तुझं खारटही आहे. आईच्या वेळी होतं तसंच. तीन वर्षं तसंच आहे."

तीन वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी सगळ्यांकडे बघितलं. कुणीतरी म्हणेल, छे, काहीतरीच काय. मर्ल उठला आणि म्हणाला, "वारा उत्तरेकडून फिरला वाटतं." पास्टरने हात जोडले, पण कशासाठी ते तिलाही कळलं नसावं. शेवटी मी हार्लनकडे बघितलं. त्याने आपल्या पेल्यातलं पाणी संपवलं. मग माझ्या पेल्यातलं संपवलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी मी हार्लनच्या समोर बसले.

"माझं जेवण खारट असतं?"

तो खिडकीकडे वळला. "बर्फ पडेल असं..."

"हार्लन."

"असतं."

"कधीपासून?"

"तुझ्या त्या तापापासून."

"तीन वर्षं! मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाहीस."

हा माणूस! पन्नास वर्षं मी याच्याबरोबर राहते आहे. मग त्याने बाकीचंही सांगितलं, एकेक शब्द मोजून. ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झाला. दर गुरुवारी तो लवॉनकडे जेवतो. आणि बेव्ह माझी भांडी मागच्या दाराने नेऊन डुकरांच्या बादलीत रिकामी करते. पश्चिमेला सगळ्यांना माहीत आहे.

"लवॉनकडे मक्याचे दाणे घातलेली हॉटडिश खातोस?"

"हो."

"आवडते?"

याचं उत्तर त्याने दिलं नाही. एवढी अक्कल अजून शाबूत आहे.

मग मी डोळे मिटले आणि त्याला म्हटलं, घरात जे वास येणारं असेल ते माझ्या नाकाखाली धर. त्याने काहीतरी धरलं. मी म्हटलं, पीठ. कॉफी होती. दुसरं धरलं. मी म्हटलं, काहीच नाही, नुसता हात आहे तुझा. चिरलेला कांदा होता. तिसऱ्याला मी बराच वेळ हुंगलं आणि अंदाजाने म्हटलं, व्हॅनिला? डोळे उघडले तर हार्लनच्या हातात रॉकेलची चिंधी होती आणि त्याचे डोळे ओले होते. रॉकेलमुळे असेल.

मी घाबरले. हे लिहायला लाज वाटते, पण खूप घाबरले. कॉफीवाल्यांना, मीठवाल्यांना मी तीन वर्षं शिव्या घातल्या. घरात गॅस गळला असता तर मी त्यात बसून विणकाम करत राहिले असते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गावातल्या बायकांचे फोन येतायत. सगळ्यांचं म्हणणं एकच, लवॉन फार उद्धट वागली. "तुझी हॉटडिश नेहमीसारखीच होती गं," असं चौघींनी सांगितलं. आता मला त्याचा अर्थ कळतो आणि फोन ठेवल्यावर मला त्यांचे गळे धरावेसे वाटतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हार्लन दारात टोपी घेऊन घुटमळत होता. मी म्हटलं, "जा. ट्रॅक्टर वाट बघत असेल." तो गेला. परत येताना माझ्यासाठी काही आणलं नाही. मी म्हटलंही नव्हतं, पण आणायला हवं होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

मतदान झालं. चिठ्ठ्या बेव्हच्या केकच्या डब्यात टाकल्या. मर्लने तीनदा मोजल्या आणि जाहीर केलं: नव्या चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख आर्डिस होव्हलँड. सगळी मतं मला. एक सोडून.

टाळ्या झाल्या. रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, "छे छे, मी नको." त्यांनी म्हटलं, "नाही, तूच." मी म्हटलं, "दुसरं कुणीतरी बघा." त्यांनी म्हटलं, "ऐकायचंच नाही." तिसऱ्यांदा मी "बरं, तुम्ही म्हणताच तर" म्हटलं. असंच म्हणायचं असतं.

उभी होते आणि त्यांचे चेहरे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं! त्या दिवशी सगळ्यांनी लवॉनचं ऐकलं होतं. या लोकांनी तीन वर्षं माझं मीठ गिळलं, डुकरांना घातलं, आणि पुढची वीस वर्षंही गिळायची तयारी ठेवून मला निवडलं. कारण नाही म्हटलं तर आर्डिसला वाईट वाटेल. आपापल्या अंत्यविधीलासुद्धा हे लोक पेटीतून उठून "पोटभरीचं आहे" म्हणतील.

आनंद झाला का? झाला. मी खोटं लिहिणार नाही. तासभर झाला. मग त्या एका मताने डोकं पोखरायला सुरुवात केली. लवॉनशिवाय कोण असणार? आणि मला कळेना की मला तिचा राग येतोय की बाकी सगळ्यांचा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हार्लनला म्हटलं, मला लवॉनकडे सोड. त्याने काही न विचारता गाडी काढली आणि तिच्या अंगणात इंजिन चालू ठेवून बसला.

मी दार न वाजवता आत गेले. लवॉन भांडी पुसत होती.

"ते एक मत तुझं," मी म्हटलं.

"बस आधी. कोट काढ."

"कोट राहू दे. तुझंच ना?"

"नाही. मी तुला मत दिलं."

मी बसले. "मला? सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीस आणि मत मला?"

"अब्रू काय काढली? खारट होतं ते खारट म्हटलं." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "आर्डिस, माझ्या हाताला चार माणसांच्या वर अंदाजच येत नाही. चाळीस माणसांचं म्हटलं की मी रात्रभर रडते, ऑर्विलला विचार. तुझ्या हाताला येतो. तुला फक्त कळत नाही. मला वाटलं, तू रांधशील आणि मी शेजारी उभी राहून चव बघीन."

"हे मला तीन वर्षांपूर्वी सांगायचं!"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तू माझ्याशी बोलायचंस."

"बोलले होते. त्यावरच तर तू बोलायची थांबलीस."

मी कोटाची बटणं सोडली. मग मी विचारलं, "तू नाहीस, तर मग कोण? या गावात तुझ्याखेरीज कुणाची छाती आहे?"

लवॉनने नुसतं खिडकीकडे बघितलं. अंगणात हार्लन गाडीत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बर्फाखेरीज काही नव्हतं आणि तो त्या बर्फाकडे टक लावून बघत होता.

मी बाहेर गेले आणि गाडीत बसले.

"माझ्याविरुद्ध मत टाकलंस?"

"टाकलं."

"मी विचारलं नव्हतं."

"नव्हतं विचारलंस."

मला संताप यायला हवा होता. पन्नास वर्षांत या माणसाने आपणहून मला सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती केकच्या डब्यात टाकलेल्या चिठ्ठीवर! पण मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्याने हीटर वाढवला. बाकीच्या सगळ्यांनी मला निवडलं तेव्हा त्यांना माझी पर्वा नव्हती, आपल्या शांततेची होती. पर्वा होती ती या एका मूर्खाला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी मर्लला फोन केला.

"मर्ल, प्रमुख लवॉनला कर. मी रांधीन, पण मीठ ती घालेल आणि भांडं बाहेर जायचं की नाही ते ती ठरवेल."

"छे छे, तूच हवीस," मर्ल म्हणाला.

"मी नको म्हणते आहे."

"ऐकायचंच नाही. आम्हाला तूच हवीस."

"मर्ल, मला नको आहे."

"बरं, बरं," तो हसला. "म्हणजे ठरलं, तूच."

या गावात तिसऱ्या नाहीला हो म्हणतात, हे मी विसरलेच होते. मग मी चौथ्यांदा म्हटलं. "नाही."

चौथं नाही मर्लने आयुष्यात ऐकलं नसावं.

"म्हणजे... खरंच नाही?"

"खरंच नाही. माझं नाक गेलंय, मर्ल. जेवण खारट होतं, हे तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस. यापुढे मला खरं सांगायचं."

"खरं?"

"खरं."

त्याने घसा खाकरला. मला वाटलं आता हवामान येणार. पण मर्ल म्हणाला, "तसं म्हटलं तर, आर्डिस, सेल्मरच्या वेळी माझी जीभ दोन दिवस सुजली होती." आणि मग थांबेचना. माझ्या हॉटडिशनंतर रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या. तापाच्या आधीसुद्धा माझी कॉफी पातळ असायची. माझी हिरवी जेली गेली तीस वर्षं एकानेही गिळलेली नाही, सगळे खिशातल्या रुमालात घेतात. मी स्वयंपाकघरात बायकांना ओरडते. आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी केलेलं भाषण फार लांबलं. भरभर, न अडखळता बोलत होता, मर्ल गुंडरसन!

मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

मध्येच तो थांबला. "जास्त बोललो का?"

"नाही," मी म्हटलं. "पुढे बोल."